आडसालीआधी ताग: कृष्णाकाठच्या चार एकरांचा जमाखर्च

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका शेतकरी कुटुंबाच्या चार एकर उसाच्या रानाचे हे प्रकरण आहे. काळ मार्च २०२३ ते डिसेंबर २०२४. कुटुंबाची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे आणि रकमा पूर्णांकात घेतल्या आहेत. हिरवळीच्या खताने, म्हणजे हिरवे पीक वाढवून मातीत गाडल्याने, जमीन सुधारते हे सगळेच मान्य करतात. ताग पेरून गाडल्यावर पैसे सुटतात का, आणि सुटत असतील तर नेमके कुठून, एवढाच प्रश्न इथे तपासला आहे.

पार्श्वभूमी

रान मध्यम काळे असून पाणी सहकारी उपसा योजनेचे आहे. पाणीपट्टी एकरी ठरलेली, त्यामुळे एखादे पाणी जास्त झाले तरी पट्टी वाढत नाही. गेली कित्येक वर्षे लागण, खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारे पीक), पुन्हा लागण हाच फेर चालू होता. मधल्या काळात बेवड, म्हणजे फेरपालट, म्हणून दुसरे पीक आले नव्हते. मागच्या लागणीला एकरी ४८ टन पडले होते, खोडव्याला ३१. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आला, म्हणजे कमी. सामू (पीएच) ८.३ होता.

घरात दोन जनावरे, त्यामुळे घरचे शेणखत भाजीच्या वाफ्यांपुरतेच निघते. बाकीचे विकत घ्यावे लागते. त्या हंगामात ट्रॉलीचा दर पोहोच ६,००० रुपये होता.

कारखान्याची टोळी उशिरा आली आणि खोडवा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तुटला. खोडक्या काढून, पलटी नांगर घालून, ढेकळे तापवेपर्यंत एप्रिल संपला. आडसालीची, म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्षाच्या आसपास तुटणाऱ्या उसाची, लागण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात करायची होती. म्हणजे मे आणि जून रान मोकळे.

अडचण

टनेज घसरत होते आणि खताचा खर्च वाढत होता. रान सुधारायला काहीतरी घालायला हवे यावर दोन्ही भावांचे एकमत होते. मतभेद होता तो काय घालायचे यावर. थोरले शेणखताच्या बाजूचे होते. धाकट्यांना ताग करायचा होता. “पाणी पाजून पीक वाढवायचं आणि मातीत घालायचं, ह्यात मिळतंय काय?” हा थोरल्यांचा सवाल होता. धाकट्यांचे उत्तर होते, “दादा, युरिया वाचंल की.”

थोरल्यांचा प्रश्न योग्य होता, पण धाकट्यांचे उत्तर हिशोबात टिकत नव्हते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के प्रमाणे २०.७ किलो नत्र असते आणि गोणी २६६.५० रुपयांना मिळते. म्हणजे नत्राचा एक किलो जेमतेम १३ रुपयांना पडतो. तागाचे एकरी ८ टन हिरवे पीक गाडले, त्यात सरासरी ०.४३ टक्के नत्र धरले, तर ते ३४ किलोच्या आसपास भरते. त्याची युरियाच्या दराने किंमत साडेचारशे रुपयांच्या आत येते. तागाचे नुसते बियाणेच अडीच हजारांचे होते. युरियावर सरकारी अनुदान आहे तोवर तागाचा खर्च युरियाच्या बचतीतून निघणार नाही. हा हिशोब आधीच मांडल्यामुळे पुढचे निर्णय नीट घेता आले. नाहीतर अनेक ठिकाणी होते तसे झाले असते: पहिल्या वर्षी खताचे बिल फारसे उतरत नाही, म्हणून ताग कायमचा बंद होतो.

पर्याय

पहिला पर्याय होता रान तापत ठेवायचा. त्याला खर्च नाही. उन्हाने तण आणि किडींचे कोष मरतात हा फायदा खरा आहे, पण मातीत भर काहीच पडत नाही.

दुसरा, विकतचे शेणखत. उसाला एकरी ८ ते १० टन शेणखत घालावे असे सांगितले जाते. तेवढे घालायचे तर तीन-चार ट्रॉल्या, म्हणजे एकरी २० हजारांच्या आसपास खर्च. कुटुंबाची तयारी एकरी दोन ट्रॉल्यांची होती. शेणखताची एक जमेची बाजू ताग भरून काढू शकत नाही. शेणखतातून स्फुरद आणि पालाश बाहेरून रानात येतात. ताग जे रानात आहे तेच खालून वर आणतो, बाहेरून आणतो ते फक्त हवेतले नत्र. उलट विकतचे शेणखत अर्धकच्चे असले तर त्यातून तणाचे बी आणि हुमणी (मुळे खाणारी अळी) दोन्ही रानात येतात.

तिसरा पर्याय उन्हाळी मुगाचा. पैशाच्या दृष्टीने तागाला खरी टक्कर याचीच होती. एकरी तीन क्विंटल निघाले आणि ७,५०० रुपये दर मिळाला तर २२,५०० रुपये, त्यातून ११ हजारांच्या आसपास खर्च वजा. शेंगा तोडून पाला गाडला की बेवडही होतो. पण उन्हाळी मुगाची पेरणी फार तर मार्चच्या मध्यापर्यंत व्हायला हवी. इथे रानच एप्रिलअखेर तयार झाले. मेच्या सुरुवातीला पेरला असता तर शेंगा पावसात सापडल्या असत्या आणि लागण लांबली असती. म्हणून मूग बाद झाला. खोडवा जानेवारीत तुटला असता तर मूगच घ्यायला हवा होता.

चौथा, ताग किंवा धैंचा. दोन्ही ४५ ते ५० दिवसांत गाडायला येतात. पाणी साचणाऱ्या, चोपण (क्षारांमुळे घट्ट) होऊ लागलेल्या रानात धैंचा टिकतो, निचऱ्याच्या रानात ताग जास्त वाढतो. बहुतेक रानाचा निचरा चांगला असल्याने ताग ठरला.

पहिला निर्णय: रानाची वाटणी

दोघांचा वाद मिटवायला चार एकरांचे तीन भाग केले. ८० गुंठ्यांत ताग, ७० गुंठ्यांत एकरी दोन ट्रॉल्या शेणखत, आणि १० गुंठे कोरे: ना ताग, ना शेणखत. कोरा तुकडा ठेवायला दोघेही नाखूष होते. तो ठेवला नसता तर शेवटी फक्त ताग आणि शेणखत यांची तुलना झाली असती. दोन्हींपैकी काहीच न करता किती ऊस आला असता हे कळले नसते, आणि फायद्याचा हिशोब तिथूनच सुरू होतो.

पेरणी

४ मे रोजी ओलवणी दिली, ८ मे रोजी वाफशावर, म्हणजे मशागतीजोगी ओल उरल्यावर, पेरणी झाली. बियाणे एकरी २५ किलो. काही जण १२ ते १५ किलोत भागवतात, पण पातळ पेरलेल्या तागाचे खोड जाड होते, लवकर निबर होते आणि गाडल्यावर कुजत नाही. दाट ताग बारीक खोडाचा राहतो आणि तणालाही वर येऊ देत नाही. बियाण्याला रायझोबियम जिवाणू चोळले. उसाच्या बेसल डोसमधल्या (लागणीच्या वेळी द्यायच्या खतातल्या) सुपर फॉस्फेटच्या एकरी दोन गोण्या तागालाच दिल्या. कडधान्य गटातल्या पिकाच्या मुळावर गाठी धरायला स्फुरद लागते, आणि ताग गाडल्यावर ते उसालाच मिळते. त्यामुळे हा जादा खर्च नव्हता. पुढची पाण्याची पाळी २२ मे आणि ५ जूनला झाली.

खालच्या अंगाला सुमारे आठ गुंठ्यांत पाणी साचले. तिथला ताग पिवळा पडून गुडघ्याएवढाच राहिला. ताग उभ्या पाण्याला अजिबात टिकत नाही. तेवढ्या पट्ट्यात धैंचा टाकायला हवा होता. रान एक असले म्हणून बियाणेही एकच असले पाहिजे असे नाही.

दुसरा निर्णय: पावसाची वाट पाहायची की नाही

सगळ्यात अवघड वेळ जूनमध्ये आली. २०२३ चा मोसमी पाऊस ८ जूनला केरळात पोहोचला, ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच अडला. उरलेला महाराष्ट्र २३ जूनपर्यंत कोरडा राहिला. इकडे १८ जूनला, म्हणजे एकेचाळिसाव्या दिवशी, तागाला कळ्या दिसू लागल्या. उंची पाच फुटांच्या आसपास होती.

तीन वाटा होत्या. पाऊस येईपर्यंत थांबायचे, कोरड्यातच गाडायचे, किंवा २० जूनची पाण्याची पाळी तागाला द्यायची. थांबावे तर फुलोरा सुरू होऊन खोडात काष्ठ वाढते. असे खोड कुजवताना जिवाणू जमिनीतले नत्र स्वतःकडे ओढतात आणि नव्या उसाला ते कमी पडते. कोरड्यात गाडावे तर पीक मातीखाली नुसते वाळून राहते, कुजत नाही. पाळी द्यावी तर तेच पाणी शेजारच्या उभ्या उसाला कमी पडणार. थोरल्यांना उभा ऊस सोडवत नव्हता. शेवटी पाळी तागालाच दिली. उभा ऊस पक्का होता, त्याला आठवडा लांबला तरी चालणार होते. तागाला आठवडा लांबला असता तर दीड महिन्याची मेहनत निम्म्या मोलाची झाली असती.

गाडण्याआधी पाच ठिकाणी चौरस मीटरची चौकट टाकून ताग कापून तोलला. कमीत कमी १.२ किलो, जास्तीत जास्त २.४, सरासरी १.९ किलो भरला. एकराला ४,०४७ चौरस मीटर धरून ७.७ टन हिरवे वजन आले, त्यातले नत्र ३३ किलोच्या आसपास. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि प्रत्येकाने करावे. वजन न करता “ताग दाबून आला होता” एवढेच सांगितले, तर खत किती कापायचे याचा काही आधार राहत नाही.

गाडणी

२५ जूनला, अठ्ठेचाळिसाव्या दिवशी, वाफशावर गाडणी झाली. उभ्या तागात थेट रोटाव्हेटर घातला आणि पहिल्याच तासात खोडे फिरत्या दांड्याभोवती गुंडाळली गेली. ट्रॅक्टर थांबवून विळ्याने सोडवत बसावे लागले. नंतर लाकडी फळी ओढून ताग एकाच दिशेला लोळवला आणि त्याच दिशेने रोटाव्हेटर दोनदा चालवला, मग काम सुरळीत झाले. तागाची उंची चार फुटांच्या वर गेली की आधी लोळवणे आवश्यक धरावे. ट्रॅक्टरवाल्याशी दर ठरवताना दोन फेऱ्यांचाच ठरवावा. एका फेरीत अर्धी खोडे वरच राहतात.

लागण १० जुलैला करायचे ठरले होते. उकरून पाहिले तेव्हा पाला कुजला होता, पण खोडाचे तुकडे अजून हाताने मोडत नव्हते. लागण दहा दिवस पुढे ढकलून २० जुलैला केली. आडसालीला तेवढी सवड असते. सुरू हंगामाच्या (जानेवारी-फेब्रुवारीच्या) लागणीत ती मिळत नाही.

तिसरा निर्णय: नत्र कधी कापायचे

आडसालीची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे एकरी १६०. ते लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला (उसाला मातीची भर लावताना) ४० टक्के असे विभागून द्यायचे असते. तागाच्या नत्रापोटी एकरी दीड गोणी युरिया कमी करायचे ठरले होते, आणि धाकट्यांनी ती सहा आठवड्यांच्या हप्त्यातून कमी करायचे योजले होते.

पाचव्या आठवड्यात तागाच्या रानातला ऊस शेजारच्यापेक्षा फिकट दिसू लागला. खोडे अजून कुजत होती आणि नत्र त्यांच्यात अडकले होते. फुटवा, म्हणजे बुडातून किती नवे कोंब येणार हे, याच काळात ठरतो. इथे नत्र कमी पडले तर पुढे कितीही घातले तरी गेलेला फुटवा परत येत नाही. म्हणून सहाव्या आठवड्याचा हप्ता पूर्ण दिला आणि दीड गोणी मोठ्या बांधणीच्या वेळी कमी केली. तागानंतरच्या उसात सुरुवातीचे नत्र कधीही कापू नये, कपात करायची ती शेवटच्या हप्त्यातून. तोवर तागातले नत्र सुटलेले असते.

त्या वर्षीचा ऑगस्ट देशभर विक्रमी कोरडा गेला. तागाच्या रानाने तेव्हा ओल जास्त धरली असे दोन्ही भावांचे म्हणणे आहे. पाण्याच्या पाळ्या मात्र सगळ्या भागांना सारख्याच दिल्या होत्या, त्यामुळे यातून बचत किती झाली ते सांगता येत नाही. तो फायदा हिशोबात घेतलेला नाही. तुटणीनंतर तागाच्या रानाचा सेंद्रिय कर्ब ०.४० टक्के आला. ०.३८ वरून ०.४० हा फरक परीक्षणाच्या चुकीतही बसतो. एका तागाने कर्ब वाढला असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

निकाल

ऊस डिसेंबर २०२४ मध्ये तुटला. तिन्ही भागांच्या ट्रॉल्या वेगळ्या भरल्या आणि काट्याच्या पावत्या वेगळ्या ठेवल्या. टोळीच्या मुकादमाला हे आदल्या दिवशीच सांगावे लागते, ऐनवेळी कोणी ऐकत नाही.

तागाच्या ८० गुंठ्यांत १०२ टन, म्हणजे एकरी ५१.
शेणखताच्या ७० गुंठ्यांत ८७.५ टन, म्हणजे एकरी ५०.
कोऱ्या १० गुंठ्यांत ११.६ टन, म्हणजे एकरी ४६.४.

ताग आणि शेणखत यांतला एका टनाचा फरक मनावर घेऊ नये, एवढा फरक बांधाकडेच्या उसानेही पडतो. दहा गुंठ्यांचा आकडाही थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. मात्र कोऱ्यापेक्षा साडेचार टनांची वाढ आहे, आणि तीही साचलेल्या पाण्याचे आठ गुंठे धरून.

तागाचा एकरी जादा खर्च असा झाला: बियाणे २५ किलो, किलोला १०० रुपयांप्रमाणे २,५००, जिवाणू संवर्धन १५०, पेरणीची कुळवाची पाळी ६००, चार पाण्यांची मजुरी १,२००, रोटाव्हेटरची जादा फेरी १,५००. एकूण ५,९५० रुपये. नांगरट आणि रोटाव्हेटरची पहिली फेरी तिन्ही भागांत झालीच असती, म्हणून ती धरलेली नाही.

जमेला युरियाची दीड गोणी ४०० रुपये. भांगलणीला (तण काढायला) कोऱ्या रानात एकरी आठ बायका लागल्या, तागाच्या रानात पाच. तीनशे रुपये मजुरीने ९०० वाचले. उसाची वाढ ४.६ टन. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये धरले तर १३,८०० रुपये. म्हणजे १५,१०० रुपये जमा, ५,९५० खर्च, हाती एकरी ९,१५० रुपये. यातले युरियाचे चारशे सोडले तर बाकी सगळे टनेज आणि भांगलणीतून आले.

शेणखताला एकरी १२,००० रुपये आणि विस्कटायला १,००० लागले. भांगलणीला दोन बायका जास्त लागल्या, त्याचे ६००. वाढीव ३.६ टनांचे १०,८०० रुपये आले. पहिल्याच पिकात २,८०० रुपये अंगावर आले. शेणखताचा उरलेला गुण खोडव्यात दिसतो, त्यामुळे हा आकडा अंतिम नाही. खोडव्याचा हिशोब या लेखात आलेला नाही. पण तागाने दोन ट्रॉल्यांएवढे काम निम्म्याहून कमी पैशात केले हे दिसते. तागाची खरी तुलना करायची ती शेणखताच्या ट्रॉलीशी.

हिशोब कुठे फिरतो

युरिया आणि भांगलणीची बचत वजा केली की तागाचा निव्वळ खर्च ४,६५० रुपये राहतो. ३,००० रुपये टनाने तो भरून यायला एकरी दीड टनापेक्षा थोडी जास्त वाढ पुरते. हा आकडा आपापल्या रानासाठी आधी काढावा. इथे पाणीपट्टी ठरलेली असल्याने पाणी फुकट पडले. डिझेल इंजिनाने एका पाण्याला एकरी १,२०० रुपये लागत असतील तर चार पाण्यांचे ४,८०० वाढतात आणि खर्च निघायला तीन टनांच्या पुढे वाढ लागते. तिथे ताग धोक्याचा सौदा आहे. पावसाच्या भरवशावर, पहिल्या पावसावर पेरून पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या) लागणीआधी गाडता येत असेल तरच तो करावा.

पैसा अडकण्याचा काळही मोजावा. खर्च मे-जूनमध्ये झाला आणि उसाचे पैसे दीड वर्षानंतर आले. सोसायटीचे पीककर्ज वेळेत फेडून बिनव्याजी पडत असेल तर प्रश्न नाही. सावकाराकडून महिना २ टक्क्यांनी पैसे उचलले असतील तर ५,९५० रुपयांवर अठरा महिन्यांचे २,१४० रुपये व्याज होते आणि हाती सात हजार राहतात.

वेगळे काय करता आले असते

बियाणे हा खर्चाचा सर्वात मोठा भाग, ४२ टक्के. मेमध्ये दुकानात ताग शोधायला गेले की भाव चढलेला असतो आणि उगवणशक्तीची खात्री नसते. खरिपात रानाच्या कडेला काही गुंठे ताग बियाण्यासाठी राखला तर हा खर्च बराच खाली येतो. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजावी. ऐंशीच्या खाली असेल तर बियाणे त्या प्रमाणात वाढवावे.

पेरणी एप्रिलअखेर झाली असती तर गाडणी जूनच्या मध्यात आली असती आणि कुजायला पूर्ण महिना मिळाला असता. खोडक्या काढायला गडी वेळेवर मिळाले असते तर हे जमण्यासारखे होते.

आणखी एक पर्याय त्या वेळी कोणी विचारातच घेतला नाही. उसाच्या लागणीनंतर सरीच्या बगलेला एकरी आठ-दहा किलो ताग टोकून ४५ दिवसांनी बाळबांधणीत (मातीच्या पहिल्या हलक्या भरणीत) गाडता येतो. त्याला वेगळे पाणी लागत नाही, वेगळी नांगरट लागत नाही, लागणही लांबत नाही. हिरवे वजन कमी मिळते, आणि ऑगस्टच्या झडीत वाफसा न आल्यास ताग उसाच्या वर जाऊन त्याला झाकतो. ही जोखीम खरी आहे. पण लागणीत रुंद सरी असेल तर तागाला जागा मिळते. पुढच्या लागणीला दोन्ही भावांनी शेणखताच्या ७० गुंठ्यांत मोकळ्या रानातला ताग, आणि आधीच्या तागाच्या रानात सरीतला ताग घ्यायचे ठरवले आहे. १० गुंठे पुन्हा कोरे ठेवणार आहेत, यावेळी थोरल्यांच्या सांगण्यावरून.